आठवा घात

एक संख्या घ्या. तिचा वर्ग करा आणि त्यात एक ठरलेली संख्या मिळवा. जे उत्तर येईल त्याचा पुन्हा वर्ग करा, पुन्हा तीच ठरलेली संख्या मिळवा. हे करत राहा. प्रश्न एवढाच की उत्तरं कुठल्या तरी मर्यादेत घुटमळत राहतात की हाताबाहेर जातात?

सुरुवात शून्यापासून करू. ठरलेली संख्या १ असेल तर उत्तरं येतात १, २, ५, २६, ६७७... गेली हाताबाहेर. ठरलेली संख्या उणे १ असेल तर येतात उणे १, ०, उणे १, ०... आणि हे असंच कायम चालणार. म्हणजे उणे १ आपल्या यादीत, १ यादीबाहेर. आता ही ठरलेली संख्या साधी न घेता संमिश्र घेतली, म्हणजे कागदावरचा एक बिंदू घेतला, आणि यादीतल्या प्रत्येक बिंदूला काळा रंग दिला, की कागदावर एक आकृती उमटते. एक बदामासारखा मोठा फुगा, त्याला चिकटलेलं वर्तुळ, त्याला चिकटलेली आणखी लहान वर्तुळं, आणि कडेला विजेसारखे फाटे. त्या फाट्यांमध्ये नीट पाहिलं तर पुन्हा तीच आख्खी आकृती, बारीक होऊन बसलेली. बेन्वा मँडेलब्रॉट यांनी आयबीएममध्ये काम करताना १९८०च्या सुमारास ती संगणकावर काढली आणि आज ती त्यांच्या नावानं ओळखली जाते. सूत्र एका ओळीचं आहे: झ → झ² + क.

इंजिनिअरिंगला असताना हे एम-थ्रीच्या पुस्तकात नव्हतं. संमिश्र संख्या होत्या, पण त्या पंधरा मार्कांसाठी होत्या. त्यांच्या गुणाकारात चित्र दडलेलं असतं हे मला नोकरी लागल्यावर, जळगावच्या घरी बसून काम करण्याच्या दिवसांत कळलं. गेली चार-पाच वर्षं रात्री जेवण झाल्यावर तास-दोन तास मी या सूत्राच्या मागे लागलेलो असतो. त्यातही मला ओढ आहे ती एका बारीकशा प्रश्नाची: ही आकृती कागदावरची आहे, सपाट आहे. तिला जाडी कशी द्यायची? हातात धरता येईल, मागून-पुढून बघता येईल असा मँडेलब्रॉट कसा दिसेल?

हा प्रश्न मी काढलेला नाही. रूडी रकर या गणितज्ञ-विज्ञानकथाकारानं तो १९८०च्या दशकातच विचारला होता. उत्तर मिळायला पुढची वीसेक वर्षं गेली, आणि मिळालं ते अर्धंच.

*

अडचण कुठे आहे ते सांगतो. संमिश्र संख्येचा वर्ग करणं म्हणजे दोन गोष्टी करणं. बिंदूचं केंद्रापासूनचं अंतर वर्गात वाढवायचं आणि त्याचा कोन दुप्पट करायचा. म्हणजे ताणायचं आणि फिरवायचं. कागदावर हे चोख जमतं, कारण दोन मितींच्या बिंदूंचा गुणाकार-भागाकार आपल्या नेहमीच्या संख्यांसारखाच नियमात चालतो. तीन मितींत हे जमत नाही. विल्यम हॅमिल्टन या आयरिश गणितज्ञानं वर्षानुवर्षं तीन-तीन अंकांच्या त्रिकुटांचा गुणाकार शोधला. त्याची मुलंसुद्धा त्याला नाश्त्याच्या वेळी विचारायची म्हणे, की जमला का. १६ ऑक्टोबर १८४३ या दिवशी डब्लिनमध्ये चालता चालता त्याला सुचलं की तीनऐवजी चार अंक घेतले तर जमतं. त्याच शतकात पुढे हेही सिद्ध झालं की तीन मितींत भागाकारासकट सगळे नियम पाळणारा गुणाकार असूच शकत नाही. शोधून सापडला नाही अशातला हा भाग नाही. तो नाहीच.

मग हॅमिल्टनच्या चार मितींच्या संख्या घेऊन त्यांचा तीन मितींतला काप पाहिला तर? मी ते करून पाहिलं. चित्र गुळगुळीत, देखणं आणि निराशाजनक. सपाट मँडेलब्रॉट त्याच्या आडव्या अक्षाभोवती गरगर फिरवला की जे होईल तेच. गणितानं पाहिलं तर हे होणारच होतं, कारण त्या संख्यांच्या वर्गात उरलेल्या तीन मितींना वेगवेगळी वागणूक मिळतच नाही.

धुळ्याला अवधानच्या एमआयडीसीत माझ्या मामाचं लहानसं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, एक ड्रिल. मी मोबाइलवर त्याला हे चित्र दाखवलं. त्यानं चष्मा कपाळावर चढवून दोन बोटांनी ते मोठं केलं आणि म्हणाला, "हा तर टर्निंग जॉब आहे. लेथवर निघेल." एका वाक्यात त्यानं सांगितलं की या चित्रात तिसरी मिती आलेलीच नाही. ती फक्त फिरवून आणलेली आहे.

पुढचं पाऊल दोन हौशी लोकांनी उचललं. डॅनियल व्हाइटनं २००७मध्ये एक सरळसोट युक्ती केली. तीन मितींतला बिंदू अंतर आणि दोन कोन यांनी सांगता येतो, जसं पृथ्वीवरचं ठिकाण अक्षांश-रेखांशांनी. मग गुणाकाराचे नियम पाळले जातात की नाही याची फिकीर सोडा. अंतराचा वर्ग करा, दोन्ही कोन दुप्पट करा, ठरलेला बिंदू मिळवा. जो आकार आला तो गुबगुबीत होता, पण त्यात हवा तो बारकावा नव्हता. २००९मध्ये पॉल नायलँडरनं वर्गाऐवजी वरचे घात घेऊन पाहिले, आणि आठव्या घाताला तो आकार एकदम उघडला. खाचा, कंगोरे, फुलकोबीसारखे गड्डे, गड्ड्यांवर गड्डे. त्याचं नाव पडलं मँडेलबल्ब. 'बिग हीरो ६' आणि 'अॅनायहिलेशन' या सिनेमांत तो दिसतो.

मी हा आकार माझ्या मशीनवर पहिल्यांदा उभा केला तेव्हा आजी शेजारी बसली होती. तिनं विचारलं, "हाई काय शे रे, वारूय?" अहिराणीत वारुळाला वारूय म्हणतात. मी हो म्हणालो. साक्रीकडच्या शेतबांधावरचं वारूळ आणि हा आकार यांतलं साम्य मला तोवर दिसलं नव्हतं, आणि आता ते दिसायचं थांबत नाही.

*

असा आकार संगणकावर दिसतो कसा, हे थोडं सांगायला हवं, कारण प्रयोगातली निम्मी गंमत तिथे आहे. मँडेलबल्बला पृष्ठभागाचं सोपं समीकरण नाही. गोलाला आहे, घनाला आहे, याला नाही. आपल्याला विचारता येतं ते एवढंच की हा बिंदू आत की बाहेर. एकेका बिंदूला असं विचारत बसलो तर रात्र सरेल. म्हणून वेगळी वाट काढलेली आहे. जॉन हार्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८९मध्ये दाखवलं की सूत्र फिरवताना उत्तर किती वेगानं वाढतंय याचीही नोंद ठेवली, तर 'या बिंदूपासून पृष्ठभाग किमान इतका लांब आहे' असा अंदाज बांधता येतो. मग डोळ्यापासून निघालेला किरण आंधळ्या माणसासारखा चालवायचा. काठी पुढे केली, तीन फुटांत काही नाही असं कळलं, तीन फूट पुढे. पुन्हा काठी. आता फूटभर मोकळं आहे, फूटभर पुढे. असं करत करत पृष्ठभागाला टेकायचं. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी असा एक किरण, आणि प्रत्येक किरणाच्या प्रत्येक पावलाला सूत्राच्या दहा-बारा फेऱ्या. माझ्या लॅपटॉपमधलं जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड हे सेकंदाला कितीतरी वेळा करतं. मे महिन्यात जळगावचा पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा मात्र ते रात्री अकरानंतरच करतं, आणि तेही कूलरसमोर.

सूत्रात फेरफार करायचा तर आधी अंदाज लिहून ठेवायचा आणि मग चालवायचं, ही शिस्त मी लावून घेतली आहे. उदाहरणार्थ, आठव्या घाताचा बल्ब वरून पाहिला तर त्याला सात पाकळ्या दिसतात. आठ का नाहीत? कारण ठरलेला बिंदूही आकाराबरोबर फिरतो. आकार एक सप्तमांश वळवला तर आठपट झालेला कोन एक पूर्ण फेरी मारून बरोबर त्याच एक सप्तमांशावर येतो. म्हणजे पाकळ्या घातापेक्षा एकानं कमी. तोच ठरलेला बिंदू सगळीकडे एकसारखा ठेवला, की हा हिशेब मोडतो आणि पाकळ्या आठ होतात. दोन कोनांना वेगवेगळे गुणकही देता येतात. अक्षांशाचा कोन आठपट ठेवला आणि रेखांशाचा तिप्पट केला तर दोन बाजूंचा चपटा आकार येतो. रेखांशाचा गुणक १ ठेवला की पाकळ्या शून्य, म्हणजे सगळीकडून सारखा, म्हणजे पुन्हा मामाचा टर्निंग जॉब. हे कागदावर मांडून मग पडद्यावर जसंच्या तसं उमटताना पाहणं यात जे सुख आहे ते मला ऑफिसच्या कामात क्वचित मिळालं आहे.

अंदाज न करता आलेल्या गोष्टीही खूप आहेत. साइन आणि कोसाइनची अदलाबदल केली की कंगोऱ्यांची दिशा बदलते. फेरीच्या सुरुवातीला बिंदूचे उणे आकडे अधिक करून टाकले की आकाराला करवतीसारखे दात येतात. अगदी मधोमध, जिथे अंतर शून्य असतं, तिथे कोन काढायला शून्याला शून्यानं भागावं लागतं आणि पडद्यावर एक काळा ठिपका उरतो. संगणकाला शून्यानं भागलेला १ चालतो. तो त्याला अनंत म्हणतो, आणि त्यात पाच मिळवा की पाच वजा करा, तो अनंतच राहतो. पण शून्य भागिले शून्य आलं की तो हात टेकतो.

*

यावरून पाटणादेवी आठवणं जळगावच्या माणसाला साहजिक आहे. चाळीसगावजवळच्या पाटण्याला एक शिलालेख आहे. यादव राजा सिंघणाच्या दरबारातला ज्योतिषी चांगदेव यानं आपल्या आजोबांच्या, म्हणजे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापन केला आणि त्याला शके ११२८मध्ये, म्हणजे इ.स. १२०७ला दान मिळालं, अशी त्यात नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्य स्वतः नेमके कुठले यावर वाद आहेत. मठाबद्दल नाही. आठशे वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यात गणित शिकण्याची सोय होती आणि तिच्यासाठी पैसा बाजूला काढला जात होता, हे दगडात लिहिलेलं आहे.

भास्कराचार्यांनी शून्यानं भागलेल्या राशीला 'खहर' म्हटलं. तिच्यात काही मिळवा, काही काढा, ती बदलत नाही, असं त्यांनी बीजगणितात सांगितलं आणि प्रलयात नि सृष्टीच्या वेळी कितीही जीव आत-बाहेर झाले तरी न बदलणाऱ्या अच्युताची उपमा दिली. माझ्या ग्राफिक्स कार्डाचा नियम यापेक्षा फार वेगळा नाही. त्याच ग्रंथात त्यांनी असंही म्हटलं आहे की ऋण संख्येला वर्गमूळ नसतं, कारण ती कुणाचा वर्गच नसते. संमिश्र संख्या नेमक्या हे दार उघडून आल्या आणि मँडेलब्रॉटची आकृती त्यांच्याशिवाय काढता येत नाही. 'आमच्याकडे सगळं आधीच होतं' म्हणणाऱ्यांना मी म्हणूनच पाटण्याला नेऊ इच्छित नाही. सगळं नव्हतं. पण 'खान्देशात बसून गणित कसलं करता' म्हणणाऱ्यांना जरूर नेईन.

*

पप्पा धुळ्याला पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. सरकारी भाषेत आरेखक. लहानपणी त्यांच्या ऑफिसात गेलो की अमोनिया प्रिंटचा वास डोक्यात जायचा. टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर, रोट्रिंगचे पेन, आणि लाकडी पेटीत ठेवलेला प्लॅनिमीटर, ज्याला हात लावायची आम्हाला बंदी होती. नकाशावरच्या वेड्यावाकड्या हद्दीवरून त्याचं टोक फिरवलं की आतलं क्षेत्रफळ कळायचं. पाणलोट क्षेत्र त्यांनी असंच काढलेलं.

मी त्यांना एका रविवारी किनाऱ्याचा किस्सा सांगत होतो. मँडेलब्रॉटनं १९६७मध्ये ब्रिटनचा किनारा किती लांब आहे असा प्रश्न घेऊन लेख लिहिला. त्याच्याआधी लुईस फ्राय रिचर्डसननं पाहिलं होतं की स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यातली सीमा एका देशाच्या हिशेबात ९८७ किलोमीटर आणि दुसऱ्याच्या हिशेबात १,२१४ किलोमीटर आहे. मोजपट्टी लहान घ्याल तितकी लांबी वाढते. आपल्याकडेही तेच झालं. भारताचा किनारा आपण शाळेत ७,५१६.६ किलोमीटर असा पाठ केला. नव्या मोजणीत तो ११,०९८.८१ किलोमीटर निघाला. महाराष्ट्राचा ६५२.६चा ८७७.९७ झाला. समुद्र तोच. जुना आकडा १:४५,००,००० प्रमाणाच्या नकाशावरून होता, नवा १:२,५०,०००च्या.

पप्पांना याचं काडीचं आश्चर्य वाटलं नाही. "पांझरेचा काठ डिव्हायडरनं मोजायचो," ते म्हणाले, "डिव्हायडर किती उघडायचा ते आधी साहेबांना विचारून घ्यायचं. नाहीतर दोघांचे दोन आकडे यायचे." मग थोडं थांबून म्हणाले, "पण क्षेत्रफळ घे ना. ते एवढं नाही हलत."

हेच तर फ्रॅक्टलच्या पहिल्या धड्यात असतं. १९०४मध्ये हेल्गे फॉन कॉखनं सांगितलेल्या वक्रावरून होणाऱ्या हिमकणाच्या आकृतीची परिमिती अनंत असते, पण क्षेत्रफळ मूळ त्रिकोणाच्या फक्त आठ-पंचमांश. पप्पांना ते नाव माहीत नव्हतं. पेटीतल्या दोन उपकरणांपैकी कुठलं भरवशाचं आणि कुठलं विचारून वापरायचं, हे पक्कं माहीत होतं.

मग त्यांनी मला तो प्रश्न विचारला जो मला सगळेच विचारतात. याचा उपयोग काय? पण त्यांचा पुढचा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. "तुझ्या चित्रात डिव्हायडर कुठे आहे?"

*

आहे. माझ्या प्रोग्रॅममध्ये वरून सातव्या ओळीवर एक आकडा आहे: किरण पृष्ठभागाच्या किती जवळ गेला की 'टेकला' म्हणायचं. तो मोठा ठेवला की आकार साबणासारखा गुळगुळीत दिसतो. लहान करत गेलो की खाचा उघडतात, खाचांत खाचा उघडतात आणि एका मर्यादेनंतर सगळं चित्र वाळूसारखं खरखरीत होतं, कारण आता एका ठिपक्यात मावणार नाहीत इतके कंगोरे त्यात आले. म्हणून हा आकडा पडद्यावरच्या ठिपक्याच्या आकाराशी बांधावा लागतो. त्याच्याही खाली एक तळ आहे. ग्राफिक्स कार्ड साधारण सात अंकांपर्यंत अचूक हिशेब करतं. त्यापलीकडे आत शिरलं की फ्रॅक्टल संपून पायऱ्या-पायऱ्यांचे ठोकळे दिसतात. सूत्राला तळ नाही, चित्राला आहे, आणि तो कुणीतरी ठरवावा लागतो.

मामाकडे तो तळ म्हणजे टूलच्या टोकाची गोलाई. त्याहून बारीक आतला कोपरा त्या टूलनं निघूच शकत नाही. मी त्याला बल्ब ब्रासमध्ये निघेल का विचारलं तेव्हा त्याचा पहिला प्रश्न हाच होता, की सगळ्यात बारीक खाच किती एमएमची. मी म्हणालो, सगळ्यात बारीक अशी खाच नाहीच. तो म्हणाला, "मग जॉब नाही. ड्रॉइंग आण."

धुळ्याहून मालेगावकडे जाताना हायवेच्या बाजूला झोडगे लागतं. तिथलं माणकेश्वराचं देऊळ भूमिज पद्धतीचं आहे, सिन्नरच्या गोंदेश्वरासारखं. भूमिज शिखराच्या चार बाजूंनी चार पट्टे वर चढतात आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये लहान-लहान स्तंभांच्या ओळी असतात. प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर एक छोटं शिखर. ओळीमागून ओळ वर जाताना ती शिखरं लहान होत जातात. मोठं शिखर लहान शिखरांनी भरलेलं. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातले प्राध्यापक कीर्ती त्रिवेदी यांनी १९८९मध्येच हिंदू मंदिरं आणि फ्रॅक्टल यांच्या नात्यावर सविस्तर लिहिलं होतं, त्यामुळे साम्य मी शोधलं असं नाही. मला ते सूत्रातून उभं करून पाहायचं होतं.

बल्बच्या सूत्रातून ते येत नाही. रेखांशाचा गुणक पाच केला की चार बाजू मिळतात, पण अंग वारुळाचंच राहतं. मग मी दुसऱ्या घराण्याकडे वळलो. २०१०मध्ये टॉम लो यानं मँडेलबॉक्स काढला. त्यात घात नाहीत, घड्या आहेत. बिंदू एका चौकटीबाहेर गेला की कागद दुमडावा तसा त्याला आत दुमडायचा. फार आत असेल तर बाहेर फेकायचा. मग सगळं ताणून मोठं करायचं, आणि पुन्हा घडी. यातून महाल, जाळ्या, कमानी, न संपणाऱ्या ओवऱ्या उभ्या राहतात. याच धर्तीवर नुसत्या घड्यांचं सूत्र घेतलं: डावी बाजू उजवीवर दुमडा, मागची पुढे, मग तिरकी घडी. एका तुकड्याचे आठ तुकडे झाले. ते लहान करा, वर सरकवा, पुन्हा घडी.

शिखर उभं राहिलं. झोडग्याचं मात्र नाही. माझ्या शिखरावर शिखरं, त्यांच्यावर शिखरं, त्यांच्यावर, त्यांच्यावर. अंगावर काटे आल्यासारखं. त्याकडे पाहून दमायला होत होतं. झोडग्याच्या देवळापुढे उभं राहिलं की दमायला होत नाही. फरक शोधायला मी मागच्या हिवाळ्यात दोनदा तिथे गेलो, आणि फरक उघडा होता. तिथला पाथरवट प्रत उतरवताना साधी करत जातो. मोठ्या शिखरावर जितक्या रेषा आहेत तितक्या लहानावर नाहीत. तिसऱ्या पातळीला तर आकार नुसता सुचवलेला आहे. छिन्नी याहून बारीक चालली नसती असं नाही. त्याच देवळात मूर्तींच्या अंगावरचे दागिने त्याहून बारीक आहेत. म्हणजे तो थांबला तो छिन्नी संपली म्हणून नाही. खालून पाहणाऱ्याच्या डोळ्याला किती पोचेल, हे त्यानं धरलं होतं.

आता माझ्या सूत्रात दर पातळीला एक घडी गळते. तीन पातळ्यांनंतर काही उरत नाही. शुद्ध फ्रॅक्टलवाला याला फ्रॅक्टल म्हणणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

*

हे लिहीत असताना आमच्या टीममध्ये अकरापैकी सात जण राहिले आहेत. का, ते सगळ्यांना माहीत आहे. जो कोड मी दोन दिवसांत लिहायचो तो आता मशीन मिनिटात लिहून देतं. मी त्याला मँडेलबल्बही मागून पाहिला. दहा सेकंदांत आला, चालला, आठवा घात, सात पाकळ्या, सगळं ठीक. मला तो उभा करायला दोन महिने लागले होते.

पप्पांच्या ऑफिसात ऑटोकॅड आलं तेव्हा मी शाळेत होतो. त्यांचं अक्षर, जे नकाशावर छापल्यासारखं उमटायचं, एका वर्षात निरुपयोगी झालं. त्याबद्दल ते कधी बोलले नव्हते. आता मी विचारलं तेव्हा म्हणाले, "रेघ मशीन मारायला लागलं. पण नाला कुठपर्यंत दाखवायचा आणि कुठे सोडून द्यायचा हे मलाच सांगावं लागायचं. साइटवर गेलेला मीच होतो ना." यातून मला दिलासा घ्यायला आवडला असता. पण त्यांना पेन्शन होतं, आणि मला हप्ते आहेत. तरी त्यांनी सांगितलेली गोष्ट खोटी नाही. मशीननं दिलेल्या बल्बमध्ये ती सातवी ओळ होतीच, आकडाही होता. तो तेवढाच का, हे त्याला विचारल्यावर त्यानं सांगितलं की सहसा एवढा ठेवतात.

याचा उपयोग काय, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. किती बारकावा पुरे, हे मी आता ऑफिसच्या कामातही आधी विचारतो, आणि लोकांना ते विचित्र वाटतं, एवढा फरक पडला आहे.

मामाची मुलगी यंदा बारावी झाली. तिला गणित घ्यायचं आहे. घरचे कॉम्प्युटर म्हणताहेत आणि दोन्ही बाजू माझाच दाखला देतात. परवा ती जळगावला आली होती. मी तिला दुसऱ्या घातापासून आठव्यापर्यंतचे बल्ब ओळीनं दाखवले. ती म्हणाली, "दादा, मधले कुठे गेले? साडेपाच?" अपूर्णांक घात घेतला तर आकाराला एका बाजूनं वरपासून खालपर्यंत चीर पडते, कारण रेखांश मोजायला आपण कुठून तरी सुरुवात केलेली असते आणि फेरी पूर्ण झाल्यावर टोकं जुळत नाहीत. मी तिला ती चीर दाखवली. तिनं विचारलं, "मग ही चीर आकाराची आहे की आपण जिथून मोजलं तिथली?"

सुरुवातीची रेषा हळूहळू फिरवत नेली तर चीर तिच्याबरोबर फिरते. ते आम्ही पाहिलं. पण चीर सोडून उरलेला आकारही थोडा बदलतो, आणि तो का आणि किती बदलतो हे तिनं वहीत लिहून घेतलं आहे. उद्या रात्री साडेपाचपासून सुरुवात करायची ठरली आहे. अंदाज आधी, चित्र नंतर.